बागेत न दिसणारी माणसे

अमेरिकेतल्या रँड या संशोधनसंस्थेने एक साधे, पण चिकाटीचे काम केले. २५ शहरांतल्या १७४ बागा निवडल्या, प्रत्येक बागेत ठरलेल्या वेळी निरीक्षक फिरवले आणि तिथे कोण आहे, काय करते आहे, याची नोंद घेतली. मूल की तरुण की म्हातारे माणूस. बसलेले, चालणारे की धावणारे. २०१६ साली निष्कर्ष छापून आले. देशाच्या लोकसंख्येत साठी ओलांडलेल्यांचे प्रमाण २० टक्के होते आणि बागेत आलेल्यांत त्यांचा वाटा होता ४ टक्के.

पुण्या-मुंबईच्या माणसाला हा आकडा पटकन पटणार नाही. सकाळी सहाला दादरचे शिवाजी पार्क, पुण्याची संभाजी बाग किंवा सारसबाग पाहिली तर तिथे पांढऱ्या केसांचेच राज्य असते. मफलर, कॅनव्हासचे बूट, हातात वर्तमानपत्राची गुंडाळी. आपल्याकडे ज्येष्ठ बागेत येत नाहीत असे कोण म्हणेल? पण हे दृश्य फसवे आहे. जे पोहोचले तेवढेच डोळ्यांना दिसतात. लिफ्ट नसलेल्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरून गुडघेदुखीमुळे उतरू न शकणाऱ्या आजी त्या गर्दीत नसतात. बागेत स्वच्छतागृह नाही, किंवा आहे पण कुलूपबंद आहे, म्हणून घरीच थांबणारे प्रोस्टेटचे रुग्ण नसतात. दुपारपर्यंत चार घरची धुणीभांडी करणारी पासष्टीची बाई सकाळी सहाला मोकळी नसते आणि दुपारी ती मोकळी होते तेव्हा अनेक बागांची फाटके बंद असतात. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात साठीच्या पुढची माणसे सुमारे १ कोटी ११ लाख होती. सकाळच्या फेरीत भेटणारे त्यांतले थोडे, आणि त्यातही प्रकृतीने, पैशाने नशीबवान.

या व्याख्यानाचा विषय वस्तीतल्या बागांची आखणी हा आहे, आणि त्या आखणीत ज्येष्ठांना कसे सामील करून घ्यावे, हा. म्हणणे एकच आहे. विचारायचे ते आराखडा निघण्याआधी, जागेवर उभे राहून, आणि आज बागेत न येणाऱ्यांना आधी.

विचारण्याची ही वाट जागतिक आरोग्य संघटनेने घालून दिलेली आहे. २००५ साली रिओ द जानेरोला वार्धक्यशास्त्राची जागतिक परिषद भरली होती. संघटनेच्या वार्धक्यविषयक कामाचे तेव्हाचे प्रमुख आलेशांद्रे कालाशे हे मूळचे रिओचेच. शहरे म्हाताऱ्या माणसांना सोयीची करायची तर सुरुवात त्यांच्याच तोंडून ऐकून करावी, ही कल्पना त्या परिषदेत पुढे आली. मग ३३ शहरांत ज्येष्ठांचे गट बसवण्यात आले. भारतातून दिल्ली आणि उदयपूर ही दोन शहरे त्यात होती. गट पाडतानाही विचार केलेला होता. साठ ते चौऱ्याहत्तर वयाचे वेगळे आणि पंचाहत्तरीच्या पुढचे वेगळे. मध्यम उत्पन्नाचे वेगळे आणि गरीब वेगळे. यातून २००७ साली जी मार्गदर्शिका तयार झाली, तिच्या आठ विषयांतला पहिला मोकळ्या जागा आणि इमारतींचा आहे. त्यात ज्येष्ठांनी मागितलेल्या गोष्टी अगदी साध्या आहेत: बसायला जागा, स्वच्छ स्वच्छतागृह, न घसरणारी वाट, सायकलवाल्यांपासून वेगळी पायवाट. कारंजी, पुतळे, रंगीत दिवे यांचा हट्ट कुणी धरलेला नाही.

वयाप्रमाणे गट वेगळे करण्याचे महत्त्व आपल्याकडे फारसे ओळखले जात नाही. ‘ज्येष्ठ’ म्हणून आपण एकच माणूस डोळ्यांपुढे आणतो. बासष्टीचा निवृत्त बँक अधिकारी आणि ब्याऐंशीची त्याची आई यांच्यात वीस वर्षांचे अंतर आहे. त्याला चालायला लांब पट्टा हवा असतो, तिला चाळीस पावलांवर बसायला जागा. बैठकीला मात्र तोच येतो, बोलतोही तोच, आणि इतिवृत्तात ‘ज्येष्ठांची मागणी’ म्हणून त्याचीच मागणी लिहिली जाते.

लॉस एंजेलिसच्या वेस्टलेक भागातला अनुभव इथे उपयोगी आहे. हा भाग दाट वस्तीचा, गरीब, बराचसा स्थलांतरितांचा. मॅकआर्थर पार्क हे जुने मोठे उद्यान त्याच भागात आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतल्या नगररचनेच्या प्राध्यापक अनास्तासिया लुकायतू-सिदेरिस आणि त्यांचे सहकारी यांनी तिथल्या कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांशी गटागटाने चर्चा केल्या. त्यासाठी त्यांनी विद्यापीठात कुणाला बोलावले नाही. सेंट बार्नाबस ही ज्येष्ठांची सेवा करणारी जुनी संस्था त्या भागात होती, तिथे जाऊन ते बसले, कारण तिथे माणसे आधीपासून येत होती आणि एकमेकांना ओळखत होती. बोलण्यातून निघाले ते असे: हिरवाई हवी, चालायला वाट हवी, पण त्याहीआधी भीती जायला हवी आणि सोबत मिळायला हवी. घराजवळ बाग असणे आणि त्या बागेत जावेसे वाटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या चर्चांनी लख्ख दाखवले. २०१४ साली या गटाने ज्येष्ठस्नेही बागांची मार्गदर्शिका काढली आणि काही वर्षांनी त्याच वस्तीत एका रिकाम्या जागेवर ‘गोल्डन एज पार्क’ नावाची छोटी बाग उभी राहिली. ती ज्येष्ठांना समोर ठेवून आखलेली आहे आणि तिथे मुलांनाही जागा आहे. मोठ्या उद्यानाच्या सुशोभीकरणावर पैसे घालण्याऐवजी घरापासून चालत जाता येईल अशी लहान जागा शोधणे, हा त्या प्रयोगातला सर्वांत शहाणपणाचा निर्णय.

आता बाकाकडे वळू. विषय क्षुल्लक वाटेल, पण सहभागाचे सगळे मर्म बाकात उतरते.

आपल्या बागांतले बाक बहुधा तीन प्रकारचे असतात: नगरसेवकांच्या नावाचे सिमेंटचे, पाठ नसलेले ग्रॅनाइटचे, आणि लोखंडी पट्ट्यांचे. म्हाताऱ्या माणसाला बसणे जमते, कठीण जाते ते उठणे. मांड्यांच्या स्नायूंतली ताकद कमी झालेली असते, त्यामुळे उठताना हातांना रेटा द्यायला काहीतरी लागते. बाकाला हात नसतील तर शेजारच्याचा खांदा धरावा लागतो, आणि शेजारी परका माणूस असेल तर बाई बसतच नाही. बाकाखाली पाय मागे घ्यायला मोकळी जागा हवी, नाहीतर उठताना शरीराचा तोल पुढे येत नाही; आपल्याकडचे सिमेंटचे अनेक बाक खालून भरीव असतात. उंचीचेही तसेच. ब्रिटनमधल्या सरकारी मार्गदर्शिकेत बैठकीची उंची ४७-४८ सेंटिमीटर सांगितली आहे आणि वर्दळीच्या पादचारी भागात दर ५० मीटरला बसण्याची सोय असावी असे म्हटले आहे. दुसरा आकडा आपण खुशाल उचलावा. पहिला उचलला तर पाच फूट उंचीच्या मराठी आजींचे पाय जमिनीला टेकणार नाहीत.

मग उंची किती ठेवायची? हे पुस्तकात सापडणार नाही. त्यासाठी जागेवर विटा आणि फळी न्यावी लागेल. विटांचे कमी-जास्त थर लावून, वर फळी ठेवून वस्तीतल्या पंधरा-वीस बायकांना बसायला-उठायला सांगावे आणि सोपे कुठे पडते ते मोजपट्टीने टिपावे. खर्च शून्य, वेळ एक सकाळ. ठेकेदाराला बाकाचे नक्षीकाम निवडायला याहून जास्त वेळ लागतो.

बाक कुठे आणि कसे मांडायचे, हेही माणसेच सांगतात. अमेरिकेत विल्यम व्हाइट यांनी न्यूयॉर्कमधले चौक आणि छोट्या बागा वर्षानुवर्षे चित्रित केल्या आणि १९८० साली त्यावर पुस्तक लिहिले. त्यांच्या निरीक्षणातला मुख्य मुद्दा असा की लोक तिथेच बसतात जिथे बसायला जागा असते, आणि खुर्ची हलवता येत असेल तर ती थोडी तरी हलवूनच बसतात. ऊन-सावली, सोबत आणि एकांत यांचा मेळ माणूस स्वतः घालू पाहतो. आपल्याकडे हलत्या खुर्च्या रात्रीत नाहीशा होतील ही भीती खरी आहे. पण दोन बाक काटकोनात मांडणे तर जमेल? एका रांगेत बसलेल्या दोन म्हाताऱ्यांना एकमेकांचे ओठ दिसत नाहीत, आणि ऐकू कमी येणाऱ्याला ओठ दिसले तर अर्धे बोलणे समजते. गावातला पार आणि शहरातला कट्टा यांनी ही गरज पूर्वीपासून ओळखलेली आहे. वडाभोवतीच्या पारावर सूर्य फिरेल तसे सावलीत सरकता येते आणि वळून समोरासमोर बसता येते. नव्या बागांत मात्र झाडाभोवतीच्या ओट्यावर लोखंडी कुंपण घातलेले दिसते, हे वाईट आहे.

वाटेबद्दल रँडच्याच संशोधकांनी पुढे आणखी एक गोष्ट दाखवली. ज्या बागांत फिरून परत त्याच जागी आणणारी चालण्याची वाट होती, तिथे एकूण माणसे ८० टक्क्यांनी जास्त होती आणि ज्येष्ठांची संख्या जवळपास दुप्पट. आपल्याकडे तिला सरसकट जॉगिंग ट्रॅक म्हणतात आणि ती धावणाऱ्यांच्या हिशेबाने आखतात. मग ठेकेदार तिच्यावर शोभेसाठी काळ्या लाद्यांचे आडवे पट्टे घालतो. वय वाढले की डोळ्यांत प्रकाश कमी शिरतो, रंगांतला फरक कळेनासा होतो. मंद उजेडात तो काळा पट्टा पायरी वाटतो किंवा खड्डा. माणूस थबकतो, पाऊल चुकते. पेव्हर ब्लॉक झाडांच्या मुळांनी उचलले जातात. अॅक्युप्रेशरच्या नावाखाली गोट्यांचे पट्टे घालण्याची टूम तर अनेक ठिकाणी आहे. मधुमेहाने पायांची संवेदना गेलेल्या माणसाला त्यावर जखम झालेली कळतही नाही. प्रवेशद्वाराशी दुचाकी आणि गुरे येऊ नयेत म्हणून वाकडेतिकडे लोखंडी अडसर बसवतात, त्यातून चाकाची खुर्ची जात नाही, काठी घेतलेला माणूस अडखळतो. यातली एकही चूक दुष्टपणाने केलेली नाही. ती करणाऱ्या अभियंत्यासोबत काठी घेतलेला माणूस एकदाही चाललेला नाही, एवढेच.

आणि बाग गाठायच्या आधी रस्ता ओलांडावा लागतो. सिग्नलचा वेळ ठरवताना पादचारी सेकंदाला १.२ मीटर चालतो असे धरण्याची पद्धत आहे; पंचाहत्तरीच्या अनेकांना तो वेग झेपत नाही. सिंगापूरने २००९ पासून काही चौकांत अशी सोय केली की ज्येष्ठाने आपले सवलतीचे कार्ड खांबावरच्या यंत्राला टेकवले की हिरवा दिवा काही सेकंद जास्त राहतो. बागेच्या आखणीची बैठक बागेच्या भिंतीच्या आत अडकली तर हा मुद्दा निघतच नाही.

विचारले म्हणजे सहभाग झाला असे मात्र नाही. शेरी अर्नस्टाइन यांनी १९६९ साली नागरिकांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. सर्वांत खाली लोकांना खेळवणे, मध्ये माहिती देणे आणि सल्ला विचारणे, वरच्या पायऱ्यांवर भागीदारी आणि प्रत्यक्ष अधिकार. आपल्याकडची बहुतेक उद्याने खालच्या किंवा फार तर मधल्या पायरीवर थांबलेली आहेत. सभागृहात संगणकावरचे रंगीत चित्र दाखवले जाते, त्यात गोऱ्या रंगाची माणसे सावली नसलेल्या हिरवळीवर फिरत असतात, दोन ज्येष्ठांचा सत्कार होतो आणि टाळ्या वाजतात. नकाशा वाचणे हे शिकून येणारे कौशल्य आहे. आयुष्यभर गिरणीत किंवा शेतात राबलेल्या माणसापुढे नकाशा ठेवून मत विचारणे म्हणजे त्याला गप्प बसवणे. तोच माणूस जागेवर नेला तर पाणी कुठे साचते, दुपारचे ऊन कुठून येते, दारुडे कोणत्या कोपऱ्यात बसतात, हे घडाघडा सांगतो.

बायकांचे म्हणणे वेगळे ऐकावे लागते. मिश्र बैठकीत स्वच्छतागृहाचा विषय त्या काढत नाहीत. भजनी मंडळ संपल्यावर त्यांच्यातच बसून बोलणाऱ्या बाईला मात्र सगळे सांगतात. नातवंडांना बागेत आणणाऱ्या बहुतांशी आज्याच असतात. त्यांना घसरगुंडी दिसेल अशा अंतरावर सावलीतली जागा लागते. ज्येष्ठांचा कोपरा एका टोकाला आणि खेळणी दुसऱ्या टोकाला, ही आखणी आजीला दिवसभर उन्हात उभे करते.

घराबाहेर न पडणाऱ्यांपर्यंत कसे पोहोचायचे, याचे उत्तम उदाहरण मँचेस्टरचे आहे. तिथल्या विद्यापीठातल्या टिने बुफेल यांनी दक्षिण मँचेस्टरच्या तीन वस्त्यांतल्या १८ ज्येष्ठांना मुलाखती घेण्याचे रीतसर प्रशिक्षण दिले. प्रश्न ठरवण्यापासून उत्तरांचा अर्थ लावण्यापर्यंत हे ज्येष्ठ सहसंशोधक होते. त्यांनी ६८ जणांच्या सविस्तर मुलाखती घेतल्या, आणि मुद्दाम अशांच्या घेतल्या ज्यांच्यापर्यंत एरवी कुणी जात नाही: एकटे, आजारी, गरीब. दारात महापालिकेचा कर्मचारी उभा राहिला तर माणूस तक्रार सांगतो. आपल्याच वयाचा शेजारी आला तर आपण बाहेर का पडत नाही ते सांगतो.

महाराष्ट्राला हे करणे इतर कुणाहीपेक्षा सोपे आहे, अशी प्रस्तुत व्याख्यात्याची खात्री आहे. गावोगावी ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, त्यांचा राज्यव्यापी महासंघ फेस्कॉम आहे, विरंगुळा केंद्रे आहेत. अध्यक्ष, चिटणीस, इतिवृत्त, वाढदिवस, व्याख्याने असा त्यांचा काटेकोर कारभार चालतो. या संघांनी आपल्या सभासदांच्या यादीतली गेल्या वर्षभरात सभेला न आलेली नावे काढावीत आणि त्या घरी दोघादोघांनी जावे. मँचेस्टरला जे नव्याने उभारावे लागले ते इथे आधीच उभे आहे.

माणसे स्वतः जागेला अर्थ देतात याचाही दाखला इथलाच आहे. १३ मार्च १९९५ रोजी अंधेरीच्या लोखंडवाला संकुलातल्या बागेत डॉ. मदन कटारिया यांनी पाच माणसांना घेऊन हसायला सुरुवात केली. आधी विनोद सांगत. थोड्याच दिवसांत विनोद संपले, तेव्हा विनोदाशिवाय हसण्याची रीत निघाली, आणि तिथून हास्यक्लब जगभर गेले. कोणत्याही उद्यान विभागाने त्यासाठी काही बांधले नव्हते. वीस माणसे गोलाकार उभी राहू शकतील अशी सपाट मोकळी जागा तेवढी होती. अशी जागा आज आराखड्यात ‘रिकामी’ दिसते आणि तिथे उपकरणे बसवली जातात.

नाना-नानी पार्कांबद्दल थोडे स्पष्ट बोलायला हवे. मुंबईत गिरगाव चौपाटीला ही कल्पना रुजली आणि राज्यभर हे नाव पसरले. ज्येष्ठांना हक्काची जागा मिळाली हे चांगलेच झाले. दिल्लीच्या ज्येष्ठांनीही जागतिक आरोग्य संघटनेच्या चर्चेत बागेत स्वतःसाठी राखीव भाग सुचवला होता. चेंडू लागण्याची, धक्का लागून पडण्याची भीती खोटी नाही. तरीही पूर्ण बाग वेगळी करण्यापेक्षा एका बागेत शांत भाग ठेवणे बरे. कारण ज्येष्ठांचा आवाज बैठकीत मोठा झाला की दुसरा धोका निर्माण होतो: फाटकावर ‘चेंडू खेळण्यास मनाई’चा फलक लागतो आणि मुले रस्त्यावर जातात. म्हणून ज्येष्ठांच्या बैठकीत वस्तीतली दहा-बारा वर्षांची चार मुलेही बसवावीत आणि वेळांची वाटणी त्यांच्या समोर करावी. दुपारी चारपर्यंत कोण, सहानंतर कोण, हे समोरासमोर ठरले की बहुधा पाळले जाते.

आता पैशाचे. राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत बागा, उद्याने आणि क्रीडांगणे ही नगरपालिकांच्या कामांत नोंदलेली आहेत. पुणे महापालिकेत २००६ पासून नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रकाची पद्धत आहे. क्षेत्रीय कार्यालयातून अर्ज घ्यायचा, आपल्या भागातले काम सुचवायचे; एका कामाला ५ लाख रुपयांपर्यंतची मर्यादा आहे. मोठे उद्यान त्यात होणार नाही, पण हात असलेले बाक, फाटकाचा उतार, स्वच्छतागृहाची दुरुस्ती, बंद पडलेले दिवे हे सारे होऊ शकते. न्यूयॉर्कमध्येही २०११ पासून रस्त्यांवर बाक बसवण्याचा कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा बाक कुठे हवा हे नागरिकांनीच कळवावे अशी सोय ठेवली होती.

अर्जाची मुदत कमी असते आणि ती जाहीर झाल्यावर धावपळ सुरू होते. संघाने यादी आधी तयार ठेवावी, आणि त्यासाठीची फेरी पावसाळ्यात काढावी. पाणी कुठे तुंबते, कोणती लादी शेवाळते, पाऊस आल्यावर आडोसा किती पावलांवर आहे, हे जुलैतच कळते. फेरीत एक काठीवाले, एक चाकाच्या खुर्चीवरचे, नातवंडाला घेऊन एक आजी, एक धुणीभांडी करणारी बाई आणि उद्यान विभागाचे अभियंता एवढी माणसे पुरेत. सकाळऐवजी संध्याकाळी साडेसातला निघावे, म्हणजे दिव्यांचीही परीक्षा होते. प्रत्येक थांब्यावर जे निघेल ते अभियंत्याने स्वतःच्या हाताने लिहावे आणि निविदेचा मसुदा होण्याआधी संघाच्या सभेत वाचून दाखवावे. काय मान्य, काय अमान्य आणि अमान्य असल्यास का, हे त्याच सभेत सांगावे. काम पूर्ण झाल्यावर सहा महिन्यांनी त्याच माणसांनी पुन्हा एक फेरी घ्यावी, आणि स्वच्छतागृहाची किल्ली कोणाकडे असते, हा त्या फेरीतला पहिला प्रश्न असावा.